‘समतोला’ची भाषा आणि रविवारचा हिशेब

आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षासाठी एक कार्यशाळा होऊ घातली आहे. विषय : ‘कार्य-जीवन समतोल’. मराठी विभागाकडे काम एवढेच, की इंग्रजी टिपणाचे सुबोध मराठीत रूपांतर करून द्यावे. टिपण आम्ही वाचले. पहाटे उठा, कामांचा अग्रक्रम ठरवा, दीर्घ श्वसन करा, कुटुंबाला ‘दर्जेदार वेळ’ द्या. साऱ्या आज्ञार्थी क्रियापदांचा कर्ता एकच : कर्मचारी. मालक हे नाम सहा पानांत एकदाही येत नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांत ही अनुपस्थिती भरली, यात नवल नाही.

मुळात ‘समतोल’ हा तराजूचा शब्द. पारडी दोन, हे मान्य. पण दांडी कोणाच्या हातात आहे, हे विचारायचेच नाही काय? शिवाय एका पारड्यात काम आणि दुसऱ्यात जीवन असे मांडले, की कामाच्या वेळात माणूस जगत नसतो हे आपोआप गृहीत धरले जाते. वर्गात नारायण सुर्वे शिकवायचे आणि विद्यार्थ्यांच्या हाती हे टिपण द्यायचे, ही कसरत आम्हांला जमणारी नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची एक जुनी भाषा आहे. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. १८९० साली मालकांनी रविवार मान्य केला. आता जरा गणित करू. साडेसहा ते सूर्यास्त, वजा अर्धा तास, गुणिले सहा. आठवड्याचे सुमारे सत्तर तास होतात. वाफेच्या यंत्रावर राबणाऱ्यांनी जो दिलासा म्हणून मागितला, नेमका तोच आकडा ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांपुढे ध्येय म्हणून ठेवला! जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची चित्रफीत गाजली. त्यांना तर नव्वद तास हवे होते आणि रविवारी काम करवून घेता येत नाही याची खंत होती. लोखंड्यांचा रविवार असा एकशे पस्तीस वर्षांनी पुन्हा वादात आला.

हिंजवडीत नोकरी करणारी आमची एक माजी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटून गेली. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले, की तिची बैठक सुरू होते. म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. अमेरिकेतली घड्याळे मागेपुढे झाली, की हिच्या घरातली जेवणाची वेळ बदलते. टाइमशीटमध्ये मात्र दिवसाचे आठच तास भरता येतात. उरलेले तीन-चार तास कुठल्याही दप्तरात नाहीत. तिला अग्रक्रम लावता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तिच्या एम.ए.च्या उत्तरपत्रिका पाहाव्यात! तिने दीर्घ श्वसनही करून पाहिले. बैठकीची वेळ हलली नाही.

गिरणी कामगार कुठे आणि लठ्ठ पगाराचे संगणक अभियंते कुठे, असा आक्षेप येईल. पगार लठ्ठ आहे, नाही कोण म्हणतो? पण लठ्ठ पगार कोणत्या तासांचा, एवढे तरी लिहून द्या. फ्रान्सने २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याच्या हक्कावर वाटाघाटी करणे भाग पाडले. तिथे हा विषय कायद्यात गेला, आपल्याकडे तो योगासनांत गेला. एकट्याने समतोल साधायचा, न साधल्यास एकट्यानेच अपराधी वाटून घ्यायचे. संघटना हा शब्द तर या क्षेत्रात जवळजवळ अपशब्दच झाला आहे.

आम्ही काही सोवळे नाही. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावरचे सहकारी आहेत. त्यांना शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात. उत्तरपत्रिका, परीक्षा, प्रवास सारे फुकट. त्यांच्या मानधनाच्या पत्रकांवर आमच्यापैकी काहींच्या सह्या आहेत, आणि त्या आम्ही निमूटपणे केल्या आहेत. त्यांनाही समतोल शिकवावा काय?

टिपण आम्ही भाषांतर न करता परत पाठवले. सोबत लोखंड्यांच्या मागण्यांचा एक कागद जोडला, आणि कार्यशाळेत नोकरीचा करारनामा वाचायला शिकवण्यासाठी एक तास द्यावा, अशी विनंती केली. उत्तर अद्याप आलेले नाही.