विहिरीवर रहाट हवाच

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या रायगडात विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्या त्यानंतर बरेच दिवस अंधारात होत्या. मोडलेल्या पोफळींची, उडालेल्या पत्र्यांची चर्चा झाली. धुण्याचं काय झालं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

वॉशिंग मशीन बंद पडलं म्हणून आमचं अडलं नाही. कपडे सोड्यात भिजवायचे, कॉलर-बाह्या ब्रशने घासायच्या, चुबकायचं, हिसळायचं, पिळायचं, हे आम्हा बायकांना येतं. चादर दोघींनी दोन टोकांना धरून उलटसुलट पिळली की पावसाळ्यातही घरातल्या दांडीवर वाळते. अडलं ते पाण्याशी. विहिरीत पाणी होतं, पण पंप बसवला तेव्हाच रहाट काढून टाकलेला. त्याचे खांब सरपणात गेले, धुण्याचा दगड फोडून गुळगुळीत फरशी घातली. त्या ओल्या फरशीवर उभं राहून दोराने पाणी शेंदायचं. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन, आणि पाच माणसांचं धुणं दोनदा खळबळायला अशा आठ-दहा बादल्या सहज लागतात. माझ्या शेजारणीचा खांदा त्या पावसात दुखावला, तो हात तिला अजून पुरता वर नेता येत नाही. हाताने धुणं हा छान व्यायाम आहे असं कोणी म्हणालं की मला म्हणूनच राग येतो.

नवज्योत साहनी या ब्रिटिश अभियंत्याने तमिळनाडूत शेजारच्या दिव्या नावाच्या बाईचे हे कष्ट पाहिले आणि विजेशिवाय हाताने फिरवायचं धुलाईयंत्र केलं. त्याला नावही तिचंच दिलं. इराकमधल्या निर्वासितांच्या छावण्यांत ते पोचलं. फार मोलाचं काम आहे, पण त्या यंत्रालाही पाणी कोणीतरी आणूनच घालावं लागतं.

वादळं पुन्हा येणार. प्रत्येक सार्वजनिक विहिरीवर एक चालता रहाट ठेवा. शेजारी कमरेइतक्या उंचीचा जांभ्या चिऱ्याचा ओटा बांधा, म्हणजे वाकावं लागणार नाही. साबणाचं पाणी विहिरीत मुरू नये म्हणून शोषखड्डा लांब खणा. चिरा आपल्याकडचाच, गवंडीही गावातलेच. आणि रहाट ओढायला घरातल्या पुरुषांनीही यावं. बायांनो, १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडा आणि ठरावात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.