विहिरीच्या काठावरचा अभ्यासक्रम

पर्यावरणशास्त्र शिकवलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं. ते योग्यच होतं. पण आमच्या महाविद्यालयात या विषयाची प्रकल्पवही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायची. मुलं फक्त वरचं नाव बदलायची. दोष त्यांचा नव्हता. करण्यासारखं आम्ही काही दिलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी प्रकल्प बदलला. प्रत्येकाने आपल्या गावातली एक विहीर निवडायची. ऑक्टोबरपासून दर महिन्याला दोरीला दगड बांधून आत सोडायचा, दगड पाण्याला लागला की काठाशी दोरीवर खूण करायची आणि अंतर वहीत लिहायचं. बस, एवढंच.

जानेवारीत एक मुलगी वही घेऊन आली. महिन्याभरात पाणी सव्वा मीटर खाली गेलं होतं. "सर, शेजारच्या रानात नवं बोअर मारलंय, उसाला." मग थोडं थांबून म्हणाली, "आमचाही ऊसच आहे." त्यावर वर्ग पाऊण तास भांडला. ठिबक परवडतं का, वीज रात्रीच का येते, पाणी नेमकं कुणाचं?

विद्यापीठाने या वहीला लेखी परीक्षेइतके गुण द्यावेत, ही माझी मागणी आहे. आज हे सारं एका शिक्षकाच्या हौसेवर चाललंय. मे महिन्याची नोंद सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच सत्राच्या चौकटीबाहेर पडते. तरी यंदा अकरा जणांनी परीक्षा संपल्यावरही मोजणी चालू ठेवली. त्यांच्या वहीतली शेवटची नोंद पहिल्या पावसानंतरची आहे.