पायांत कसब, पण पोक्तपणाचे काय?

दि. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेड या क्लबचा बचावपटू कुर्त झुमा याची एक चित्रफीत जगभर पसरली. सव्वासहा फुटांचा हा धट्टाकट्टा गडी आपल्या राहत्या घरी पाळलेल्या मांजराला लाथ मारतो आहे, त्याच्या मागे धावून पायताण भिरकावतो आहे आणि त्याचा सख्खा भाऊ हा सारा 'पराक्रम' मौजेने टिपतो आहे, असे ते दृश्य होते. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वेस्ट हॅमचा वॅटफर्डविरुद्ध सामना होता. झुमाला संघातून वगळले गेले असेल अशी कोणाही सुजाण माणसाची कल्पना होईल. प्रत्यक्षात तो पहिल्या अकरांत होता. चेंडू त्याच्याकडे गेला की प्रेक्षक हुर्यो उडवीत होते, आणि त्यांत वेस्ट हॅमचेही पाठीराखे होते. संघ एका गोलाने जिंकला. पुढे क्लबने अडीच लाख पौंड दंड करून ती रक्कम प्राणिकल्याणासाठी दिली. जून २०२२ मध्ये न्यायालयाने १८० तासांची समाजसेवा फर्मावली आणि पाच वर्षे मांजर पाळण्यास मनाई केली.

मुक्या प्राण्याशी असे वागणाऱ्या झुमाचे वय त्या वेळी २७ होते. पण या प्रकरणात अधिक विचार करावा तो त्या संध्याकाळच्या निर्णयाचा. झुमाचा अविचार क्षणिक होता असे एकवेळ म्हणता येईल; त्याला दुसऱ्या दिवशी मैदानात उतरविणाऱ्या जाणत्यांना मात्र विचार करायला पुरता एक दिवस मिळाला होता.

ही उठाठेव आपण का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कारण उघड आहे. पुण्या-ठाण्यातील, नागपुरातील मध्यमवर्गीय घरांतली मुले आज इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने मध्यरात्र उलटेपर्यंत जागून पाहतात. त्या खेळाडूंची नावे पाठीवर मिरवतात, त्यांच्यासारखे केस कापून घेतात. रणजी संघातील चार खेळाडू ज्याला सांगता येणार नाहीत, असा मुलगा मँचेस्टरच्या राखीव खेळाडूंची यादी घडाघडा म्हणून दाखवतो. तेव्हा ही माणसे मैदानाबाहेर काय करतात हा प्रश्न आता केवळ इंग्लंडचा राहिलेला नाही.

काय काय करतात? उदाहरणांना तोटा नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मारियो बालोटेली याच्या घरात न्हाणीघराच्या खिडकीतून फटाके उडविण्याचा उद्योग झाला, घराला आग लागली आणि अग्निशमन दल बोलवावे लागले. अवघ्या दीड दिवसाने त्याने मँचेस्टर युनायटेडला दोन गोल मारले आणि 'नेहमी मीच का?' असा प्रश्न छापलेला सदरा जगाला दाखविला. जग हसले. त्याच आठवड्यात फटाके जपून वापरण्याच्या मोहिमेचा प्रचारक म्हणून तो मिरवलाही! मार्च २०२० मध्ये ॲस्टन व्हिलाचा कर्णधार जॅक ग्रीलिश याने करोनाच्या काळात घरीच राहण्याचे आवाहन लोकांना केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या घराजवळ, उभ्या असलेल्या मोटारींवर त्याची मोटार आदळलेली सापडली. डिसेंबरमध्ये त्याला ८२,४९९ पौंड दंड आणि नऊ महिन्यांची वाहनबंदी झाली. आठ महिने सरतात न सरतात तोच मँचेस्टर सिटीने दहा कोटी पौंड मोजून त्याला आपलेसे केले. त्यापूर्वी इतकी रक्कम कोणत्याही ब्रिटिश क्लबने मोजली नव्हती.

येथे शिक्षेचे गणित समजून घेतले पाहिजे. इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूच्या नेहमीच्या करारानुसार पहिल्या गैरवर्तनाबद्दल क्लबला जास्तीत जास्त दोन आठवड्यांच्या मूळ वेतनाइतका दंड करता येतो. फुटबॉलपटूचे वेतन तिकडे आजही आठवड्याच्या हिशेबात सांगतात. गिरणी-खाणीतल्या कामगारांच्या आठवडी पगाराची ती खूण आहे. १९६१ पर्यंत तर आठवड्याला २० पौंडांपेक्षा अधिक वेतन देण्यासच बंदी होती. क्लबमालकांची मनमानी चालत असे, त्या काळातील खेळाडूला संरक्षण हवे होते यात शंका नाही. पण १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा धो-धो वाहू लागला, १९९५ च्या बोसमन निकालाने करार संपलेला खेळाडू मोकळा झाला आणि वेतने आकाशाला भिडली. ज्याच्या एका आठवड्याच्या कमाईत एखाद्या शिक्षकाची कित्येक वर्षांची मिळकत मावते, त्याला दोन आठवड्यांच्या दंडाची झळ ती किती? आपल्याकडच्या कारकुनाचा पंधरा दिवसांचा पगार कापला तर वाण्याची उधारी थकते. तिकडे फार तर नव्या मोटारीची खरेदी महिनाभर लांबणीवर पडत असेल.

मात्र पैसा हेच मूळ मानले तर निदान अर्धवट राहते. त्याच लीगमध्ये, तशाच वेतनावर एन्गोलो कान्ते हा चेल्सीचा विश्वविजेता खेळाडू साध्या छोट्या मोटारीतून सरावाला येत असे. लिव्हरपूलच्या सादिओ माने याने सेनेगलमधील आपल्या बांबाली गावी शाळा बांधली, रुग्णालय उभारले. बाविशीतल्या मार्कस रॅशफर्डने २०२० मध्ये गरीब मुलांच्या सुट्टीतील भोजनासाठी आवाज उठविला आणि ब्रिटिश सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला. हाच रॅशफर्ड जानेवारी २०२४ मध्ये बेलफास्टमधल्या रात्रीच्या मुशाफिरीपायी टीकेचा धनी झाला. माणूस एकरंगी नसतो हे इंग्रजी वृत्तपत्रांच्या लक्षात येत नाही. ती एका आठवड्यात मखरात बसवितात आणि दुसऱ्या आठवड्यात उकिरड्यावर फेकतात. खेळाडू कोणत्या गल्लीत, कोणाबरोबर दिसला यावर त्यांचा खप चालतो, तेव्हा त्यांच्या नीतिमत्तेच्या प्रवचनांना किती किंमत द्यावी हे वाचकांनी ठरवावे.

मग हे पोरकटपण येते कोठून? इंग्लंडमध्ये क्लब आपल्या प्रशिक्षण संस्थेत नऊ वर्षांखालील मुलांची नोंदणी करतात. त्या वयापासून त्याने कधी झोपावे, काय खावे, किती धावावे हे दुसरे कोणीतरी ठरविते. अठराव्या वर्षी करार होतो तेव्हा दलाल येतो, तो पैशांचे पाहतो. घर शोधणे, मोटारीचा विमा उतरविणे, देयके भरणे यांसाठी क्लब माणूस नेमतो. रांगेत उभे राहणे, महिनाअखेरीस हात आखडणे, वरिष्ठांची बोलणी खाणे, घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी बसणे, या गोष्टींनी तुम्ही-आम्ही मोठे झालो. यांतली एकही त्याच्या वाट्याला येत नाही. शरीर पंचविशीचे, बँकेतील शिल्लक एखाद्या कारखानदाराची, आणि व्यवहारज्ञान मात्र नवव्या वर्षी जेथे सोडले तेथेच.

पूर्वी असे नव्हते. उमेदवारी करणाऱ्या पोराला वडीलधाऱ्या खेळाडूंचे बूट घासूनपुसून ठेवावे लागत. कपडे बदलण्याची खोली झाडावी लागे. मँचेस्टर युनायटेडमधील बेकहॅम-स्कोल्स यांची पिढी अशीच वाढली. नव्या, चकचकीत संस्था आल्या आणि ही पद्धत मागे पडत गेली. मुलाने चेंडूशीच खेळावे, हलकी कामे कशाला, असा विचार त्यामागे असावा. आपल्याकडे समिधा गोळा करणाऱ्या शिष्याचा वेळ वाया जातो असे कोणा गुरूला वाटले नाही. जुन्या उमेदवारीत दांडगाई आणि छळही होता, तो गेला हे उत्तमच झाले. पण छळाबरोबर झाडूही गेला.

आपल्या देशातही निवासी फुटबॉल संस्था उभ्या राहात आहेत, नव्या मुंबईत तशी एक २०१५ पासून आहे. क्रिकेटमध्ये तर नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर १ कोटी १० लाख रुपयांची बोली लागली. मुलगा गुणी आहे, त्याचे कौतुक व्हावे. मात्र आपला पाल्य अशा संस्थेत धाडणारे पालक मैदान कसे आहे, आहारतज्ज्ञ कोण, परदेश दौरा कधी हे बारकाईने विचारतात. जेवल्यावर आपले ताट मूल स्वतः घासते का, हा प्रश्न अजून कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

क्लबांना शिस्त लावता येत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडचा संघ आइसलँडमध्ये असताना वीस वर्षांचा फिल फोडन आणि त्याचा एक तरुण सहकारी यांनी करोनाचे निर्बंध मोडून बाहेरच्या मुलींची भेट घेतली. दोघांनी नुकताच देशाकडून पहिला सामना खेळला होता. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी दोघांना तत्काळ परत पाठविले आणि ऑक्टोबरच्या संघातून वगळले. नोव्हेंबरमध्ये फोडनला पुन्हा संधी मिळाली, त्याच आइसलँडविरुद्ध वेम्बलीवर त्याने दोन गोल केले, आणि २०२४ मध्ये तो इंग्लंडमधील वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. त्याचे सारे श्रेय साउथगेट यांच्या कठोरपणाला देणे भाबडेपणाचे होईल. पण अंगावरचा संघाचा सदरा उतरविला की खेळाडूला लागते, खिशातले पैसे काढून घेतले तर लागत नाही, एवढे त्यातून दिसते.

आर्सेनलचा कर्णधार टोनी ॲडम्स याची हकीकत त्याहून बोधप्रद आहे. डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन मोटार चालविल्याबद्दल त्याला चार महिन्यांची कैद झाली. सुमारे दोन महिन्यांनी तो सुटला तेव्हा पाठीराख्यांनी वीराचे स्वागत करावे तसे त्याचे स्वागत केले, कर्णधारपद शाबूत राहिले, त्या मोसमात आर्सेनलने अजिंक्यपदही मिळविले. दारू आणखी साडेपाच वर्षे चालूच राहिली. तुरुंगाने जे साधले नाही ते सप्टेंबर १९९६ मध्ये घडले: आपण दारूचे व्यसनी आहोत, हे त्याने सहकाऱ्यांसमोर उभे राहून सांगितले. पाठोपाठ आर्सेन वेंगर क्लबमध्ये आले आणि त्यांनी खेळाडूंच्या आहारविहाराची घडी नव्याने बसविली. ॲडम्सच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये संघाने लीग आणि एफ. ए. कप ही दोन्ही विजेतेपदे पटकावली. २००० मध्ये त्याने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी 'स्पोर्टिंग चान्स' हे उपचारकेंद्र काढले.