नळ आला, पाणी कुठे आहे?

देशातील ब्रॉडबँड जोडण्यांचा आकडा ९० कोटींच्या पुढे गेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा ती मोजक्या शहरांतील मोजक्या लोकांची मिरास होती. तेथून येथवरची मजल मोठी आहे, आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. २०१६ नंतर डेटाचे दर कोसळले नसते, तर रिक्षावाल्याच्या वा भाजीवालीच्या हाती हे साधन इतक्या लवकर आलेच नसते. परंतु उत्सव आटोपला की जमाखर्च तपासावाच लागतो, आणि तो तपासला की आमचा आनंद निम्म्यावर येतो.

पहिली गोष्ट व्याख्येची. २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगास ब्रॉडबँड म्हटले; २०२३ पासून हा किमान वेग २ मेगाबिट धरला जातो. ही सुधारणा योग्यच होती. मात्र या मोजणीत शंभरातील ९० हून अधिक जोडण्या मोबाइलच्या आहेत. घरी फायबरची तार असलेला विद्यार्थी आणि बापाचा एकुलता मोबाइल घरी येण्याची संध्याकाळपर्यंत वाट पाहणारी त्याच्याच इयत्तेतील मुलगी, हे दोघेही सरकारी कोष्टकात एकाच रकान्यात! जोडण्या म्हणजे माणसे नव्हेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण शेकडा ५७ भरले. स्त्रियांचे अवघे ३३.

दुसरी गोष्ट वचनाची. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. काम दोन वर्षांत व्हावयाचे होते. सरकार बदलले, २०१५ मध्ये योजनेचे नाव 'भारतनेट' झाले, मुदतींमागून मुदती उलटल्या. २०२० मध्ये महासाथीने शाळांना टाळे लावले, तेव्हा खेड्यापाड्यांतील मुले सिग्नल शोधत टेकड्या चढत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेच्या सुधारित रूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा आकाशातून पडत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून सार्वत्रिक सेवेचा निधी उभा राहतो, आणि ती आकारणी अखेर ग्राहकाच्याच खिशातून जाते. तेव्हा शहरी वाचकाने हा प्रश्न परका मानू नये.

'आधी भाकरी, मग इंटरनेट' असे म्हणणारे शहाणे आजही भेटतात. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयातील प्रवेश हे सारे इंटरनेटवर कोणी नेले? रेशनच्या दुकानातील यंत्रावर अंगठा उमटल्याखेरीज धान्याचे माप पडेना, ही व्यवस्था कोणी आणली? सरकारनेच. जेथे भाकरीची वाटच तारेवरून जाते, तेथे तार ही चैन राहत नाही. कचेरी डोंगरावर हलवणाऱ्याने पायऱ्याही बांधून दिल्या पाहिजेत.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटात यंत्र बसले की गाव जोडले गेले, ही समजूत सरकारने सोडावी. गावातील शाळा, आरोग्य केंद्र व वाचनालय येथे ती तार महिन्यातून किती तास चालू होती, हे दरमहा गाववार जाहीर करावे. तुटलेली तार जोडणारा माणूस तालुक्यातच असावा, आणि त्याचे नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावे. ठेकेदाराचे बिल टाकलेल्या तारेच्या लांबीवर नव्हे, तर चाललेल्या सेवेवर चुकते व्हावे.

हजेरीपटावर नाव चढले म्हणजे मूल शिकले असे कोणताही शिक्षक मानत नाही. ९० कोटी हा हजेरीपट आहे. परीक्षेचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.