अंडे बंद नको, शाळेत इंजेक्शन हवे

शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि अंडे द्यायचे तर लोकसहभागातून द्या, असे सांगितले. आपल्या वस्त्यांतल्या लेकरांसाठी ते अंडे आपण पुन्हा मागितलेच पाहिजे. पण मागताना एका प्रश्नाचे उत्तर तयार हवे : ज्या मुलाला अंडे सोसतच नाही, त्याचे काय?

काही थोड्या मुलांना अंडे, दूध, शेंगदाणे किंवा मासे यांची तीव्र अॅलर्जी असते. खाल्ल्यावर काही मिनिटांत, कधी तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, आवाज घोगरा होतो, दम लागतो, उलट्या होतात, मूल गळून पडते. ही नजर नाही, करणी नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले आहे. म्हणून मीठ-मिरची ओवाळण्यात वेळ घालवू नका. सेट्रीझिनची गोळी देऊन वाटही पाहू नका. गोळीने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही.

अशा वेळी जीव वाचवणारे पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले अॅड्रिनलिनचे इंजेक्शन. डोस वजनावर ठरतो : दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम. लगेच १०८ ला फोन करा. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभे करू नका, चालवू नका. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो. बरे वाटले तरी घाटीत न्याच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

हे शाळेत अशक्य आहे का? लसीकरणाच्या दिवशी एएनएम ताईंजवळ अॅड्रिनलिनचे किट असते आणि वयानुसार एक डोस देण्याची त्यांना मुभा आहे. जी सोय लसीसाठी आहे, ती जेवणासाठी का नाही? ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून शाळा या औषधाचे तयार पेन स्वतः विकत घेऊन ठेवू शकतात. आपल्याकडे पेन सहज मिळत नाही, पण अँप्यूल स्वस्त आहे. गरज आहे ती आदेशाची आणि प्रशिक्षणाची.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुकुंदवाडी असो की भीमनगर, पुढच्या बैठकीत आपल्या आया-बहिणींनी तीन मागण्या लिहून द्याव्यात. प्रवेशाच्या वेळी अॅलर्जीची नोंद घ्यावी. अशा प्रत्येक मुलासाठी डॉक्टरांनी लिहिलेला कागद शाळेत असावा. किट ठेवून दोन शिक्षकांना आरोग्य विभागाने शिकवावे.

आणि एक लक्षात ठेवा. अॅलर्जीच्या नावाखाली सगळ्यांचे अंडे बंद होता कामा नये, तसेच त्या एका लेकराला वेगळे बसवताही कामा नये. घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून भीमराव साताऱ्यात शिकले, हे आपण विसरलेलो नाही. मुलाच्या ताटातला पदार्थ बदला, त्याची पंगत बदलू नका.