चंद्राचे विचारायचे असेल तर ग्रामसभेतही विचारा



२०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, अशी उद्दिष्टे सरकारने जाहीर केली आहेत. गगनयान कार्यक्रमाचा मंजूर खर्च, स्थानकाचा पहिला भाग धरून, सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटी रुपयांवर गेला. मला या मोहिमांचा अभिमान आहे आणि हा पैसा वाया जातो असे मी मानत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. पुढची पंचवीस वर्षे आपण अवकाशात काय करायचे, कशाला आधी हात घालायचा, हे लोकांना नीट विचारलेलेच नाही. चांद्रयान-३ उतरल्यानंतर ‘मायगव्ह’वर महाक्विझ झाली. तिच्यात लोकांना किती माहीत आहे हे तपासले गेले, त्यांना काय हवे आहे हे नाही. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये अंतराळ विभागाने अंतराळ उपक्रम विधेयकाच्या मसुद्यावर सूचना मागवल्या होत्या, मुदत महिनाभराची. आमच्या अहेरी तालुक्यात त्याची दवंडी कोणी पिटली नाही.

म्हणून माझी मागणी अशी की अंतराळ विभागाने लोकमताची एक मोठी पाहणी हाती घ्यावी, आणि तिची सुरुवात चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभांपासून करावी.

यावर पहिला आक्षेप काय येणार हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ज्यांना पूल आणि दवाखाना हवा आहे त्यांना चंद्राचे काय विचारायचे? हे बोलणे कळवळ्याचे असते, पण त्यात अपमान दडलेला आहे. इथल्या माणसाने फक्त रस्ता, पाणी, रेशन एवढेच मागावे, देशाच्या मोठ्या कामांवर मत देणे शहरातल्यांनी करावे, असा त्याचा अर्थ होतो. आकाश काही इथे परके नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथले ताऱ्यांचे ज्ञान नोंदवले आहे. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन चोर, हे इकडच्या म्हाताऱ्या माणसांना पुस्तकावाचून माहीत असते.

शिवाय अवकाश आमच्या दाराशी आधीच येऊन पडले आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या वस्तू पाहिल्या. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचे एक कडे आदळले. व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकावरच्या धावेच्या दुप्पट. दुसऱ्या दिवशी पवनपारजवळ धातूचा गोळा सापडला, मग तालुक्यात आणखी गोळे मिळाले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचे हे तुकडे असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले. कोणाला इजा झाली नाही. पण ते कडे एखाद्या घरावर पडते तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशाची असते, चूक सिद्ध करण्याचीही गरज नसते. मात्र दावा सरकारने सरकारकडे करायचा असतो. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रहाचे अणुइंधन कॅनडाच्या उत्तर भागात विखुरले, तेव्हा कॅनडाने दावा लावून धरला आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर मिळवले. लाडबोरीच्या घरमालकाने कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही. पाहणीतला एक प्रश्न इथूनच निघतो.

दुसरा प्रश्न वरून पाहणाऱ्या डोळ्यांचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडायला लागले की झाडाखालचा वाळका पाला पेटवतात, फुले वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून. कधी ती आग पसरते. उपग्रहाला ती उष्णता दिसते, डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्याचा संदेश पाठवते आणि तो वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. सोय फार चांगली आहे. सामान्य नागरिकालाही या संदेशासाठी नाव नोंदवता येते, पण किती ग्रामसभांना हे कोणी जाऊन सांगितले? वनहक्काच्या दाव्यातही तेच. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जमीन कसत होता की नाही, हे ठरवताना उपग्रहाच्या छायाचित्राचा आधार घेतला जातो. बांधावर मोह-टेंभुर्णी राखून केलेली लहानशी शेती वरून जंगलासारखीच दिसते. ज्याचा दावा त्या चित्रामुळे अडला, त्याला उपग्रहांनी काय पाहावे आणि ते चित्र आधी कोणाला मिळावे यावर बोलायचा पहिला अधिकार आहे.

आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. २१ जून २०२३ रोजी भारताने आर्टेमिस करारावर सही केली. चंद्रावरची, लघुग्रहांवरची खनिजे काढून वापरण्याला या करारात मान्यता आहे. त्याआधी १९८२ मध्ये भारताने १९७९ च्या चंद्र करारावरही सही केली होती. त्यात चंद्रावरची संपत्ती साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा म्हटली आहे. आपण तो करार कायम मात्र केला नाही. म्हणजे चंद्र सर्वांचा की जो आधी पोचून खणेल त्याचा, हा प्रश्न देशापुढे उघडा आहे. या प्रश्नावर एटापल्ली तालुक्याइतका अधिकार कोणाचा? तिथल्या सुरजागडच्या पहाडातून निघालेले लोहखनिज भरलेले ट्रक आमच्या आलापल्लीच्या चौकातून आष्टीकडे जातात. रोजगार मिळालेली पोरे इथे आहेत आणि देवाचा पहाड गेला म्हणून हळहळणारी माणसेही इथेच आहेत, कित्येकदा एकाच घरात. खाण म्हणजे काय, वाटा कोणाला मिळतो, सामायिक गोष्ट सामायिक कशी राहते, हे त्यांना अनुभवाने कळते. त्यांना रॉकेटच्या इंधनाचे सूत्र येत नसेल, पण इथे ते विचारायचेच नाही.

कसे विचारायचे, याचा धडाही जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो अभ्यासगटांच्या जोरावर. गावकरी आधी विषय समजून घेतात, बाहेरचा जाणकार बोलावतात, वाद घालतात, आणि ग्रामसभेत बहुमताने नव्हे तर सर्वांच्या सहमतीने ठरवतात. मोबाइलवर ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायला लावणाऱ्या पाहणीतून आकडे मिळतील, मत मिळणार नाही. युरोपीय अंतराळ संस्थेने १० सप्टेंबर २०१६ रोजी आपल्या २२ सदस्य देशांत एकाच दिवशी नागरिकांना बसवून अशीच चर्चा घडवली होती. इस्रोलाही हे नवे नाही. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनचा प्रयोग झाला, तेव्हा संशोधक गावांत मुक्काम करून लोक काय पाहतात, काय म्हणतात हे लिहून घेत होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

तेव्हा काम गोंडवाना विद्यापीठाकडे द्यावे. चर्चा माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली आणि मराठी, जिथे जी चालते त्या भाषेत व्हावी. प्रश्न दिल्ली-बंगळुरूहून तयार होऊन येऊ नयेत. पहिली बैठक प्रश्न कोणते असावेत हे ठरवायलाच असावी. राष्ट्रीय अंतराळ दिन २३ ऑगस्टला असतो म्हणून त्या महिन्यात सभा लावू नयेत, तेव्हा रोवणीमुळे बायामाणसांना मान वर करायला फुरसत नसते. मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत यावे, आणि बायका येऊ शकतील अशी दुपारची वेळ धरावी. निष्कर्ष वर्षभरात त्याच ग्रामसभांत वाचून दाखवावेत: कोणती सूचना घेतली, कोणती घेतली नाही, आणि का नाही.

आपला,
एक वाचक
आलापल्ली, ता. अहेरी, जि. गडचिरोली