ठणका थांबल्यानंतरचं काय?

जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडवर सीतापुरा औद्योगिक वसाहत आहे. रत्न-दागिन्यांचं विशेष आर्थिक क्षेत्र इथेच, तयार कपड्यांचे कारखानेही इथेच. खडे जडवणारा कारागीर कामाला बसलेला एकदा नीट पाहावा. हनुवटी छातीला टेकत आलेली, डोळ्याला भिंग, कोपरं टेबलाच्या कडेवर रोवलेली, खांदे कानाकडे चढलेले. हालतात ती फक्त बोटं.

मान धरली की हा माणूस आपल्याकडे, फिजिओथेरपिस्टकडे येतो. शेक, मशीन, दहा सिटिंग, आणि निघताना आठ चित्रांचा व्यायामाचा कागद. ठणका थांबला की व्यायामही थांबतो, आणि पुढच्या हंगामात ऑर्डरी वाढल्या की तीच मान घेऊन तोच माणूस दारात. ‘घरी व्यायाम करत नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. आळशीपणाचं हे निदान मला पटत नाही. दिवसभर एका जागी बसून मिलिमीटरभर खड्यावर नजर रोवणाऱ्याला चिकाटी शिकवणारे आपण कोण? तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याकडे चटई अंथरून घालवायला पाऊण तास नसतो, इतकंच.

तेवढा वेळ लागतोच असंही नाही. डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 कर्मचाऱ्यांवर केलेली चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. रबरी ट्यूब घेऊन हात बाजूला उचलायचे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाला रोज बारा मिनिटं, दुसऱ्याला फक्त दोन. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. बारा मिनिटांचा फायदा थोडा जास्त, पण सहापट नक्कीच नाही. ती मंडळी कार्यालयातली होती, सराफी कामातली नव्हती, हे मान्य. तरी आठ चित्रांतली सात खोडायला एवढा आधार मला पुरतो. हाताला मुंग्या किंवा पकडीत कमजोरी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी तपासणी.

उरलेल्या एका व्यायामाला दिवसातली ठरलेली वेळ हवी. ‘सकाळ-संध्याकाळ’ फार मोघम झालं. ट्यूब कामाच्या टेबलाशीच अडकवलेली असावी आणि चहा आला की आधी ती हातात घ्यावी.

सिटिंगांची मांडणीही तपासू या. ऑस्ट्रेलियातल्या ‘वॉकबॅक’ चाचणीत (2024) कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांपैकी निम्म्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला. फिजिओथेरपिस्टच्या सहा भेटी सहा महिन्यांत पसरल्या होत्या. कामात अडथळा आणणारं दुखणं उलटायला या गटात मध्यकानुसार 208 दिवस लागले, इतरांत 112. म्हणजे भेटी सुरू झाल्या त्या दुखणं गेल्यावर. आपली दहा सिटिंग पंधरवड्यात संपतात, नेमकी त्याच्या आधी. त्यातली शेवटची दोन-तीन पुढच्या महिन्यांवर ढकलता येतील. पैसे पहिल्याच दिवशी एकत्र घ्यावेत. मशीन लावायचं नाही. ट्यूब सोबत आणायला सांगायची, समोर करून घ्यायचं, सोपं झालं असेल तर ताण वाढवायचा.